लेंडी तलावात काय आहे

वाडी नाक्याच्या पुढे, वजनकाट्यामागे,
मुंदडाशेठच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात
मी मशीन मोजते आहे.

अकरा सर्व्हर.
माझ्याआधीच्या कुणा हौशीनं त्यांना गावातल्या तळ्यांची नावं दिली.
अंबाझरीत पगार, फुटाळ्यात बिल्ट्या,
गोरेवाड्यात टायर-डिझेलचा हिशेब.
सक्करदऱ्याचा पंखा रडतो, त्याला पुठ्ठ्याचा टेकू.
आणि लेंडी तलाव.
तो दिवसरात्र चालू असतो.
त्यात काय आहे, कुणाला ठाऊक नाही,
बंद करायची हिंमतही कुणाची नाही.

तीन आठवडे मी त्यांच्या नाडीवर बोट ठेवून होते.
सरासरी निघाली सहा टक्के.
उरलेला वेळ ही मशीनं नुसती तापतात
आणि एसी त्यांना निववत बसतो,
बाहेर शेहेचाळीस.

आकडा माझ्याआधी कँटीनमध्ये पोचला.
बिल्टीवाले गभणेकाका चष्मा कपाळावर सारून दारात उभे.
"मंग मॅडम, माहा लोड किती निंगाला?"
काका, यादी मशीनची आहे.
"ते मले समजते. शेठले समजून राह्यलं का?"

शेठसमोर मी कागद पसरला.
दोन दणकट यंत्रं घेऊ, अकराही त्यांतच नांदतील.
प्रत्येकाला वाटत राहील, घर आपल्या एकट्याचंच आहे.
"एक बसलं तर?"
दुसरं सगळ्यांना उचलेल.
म्हणून दोन्ही अर्धी रिकामी ठेवायची.
शेठनं पेनाचं टोपण लावलं.
"रिकामी गाडी मी रायपूरहूनसुद्धा परत आणत नाही, हेडाऊ मॅडम."
मी विचारलं, कोलकात्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर का पाठवता?
एक तर मागे झोपलेलाच असतो.
ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.
सही केली नाही. चहा मागवला.

चौतीस डेस्कटॉपही जातील,
टेबलावर उरेल डब्याएवढी एक पेटी.
इथे अर्धवट सोडलेलं पान बुटीबोरीच्या पडद्यावर तसंच उघडेल,
कर्सर त्याच ओळीवर.
ज्योत्स्ना खोब्रागडे एवढंच म्हणाली,
"पडद्यावर माझ्या पोराचा फोटो आहे. तो कुठे राहील?"
मी प्रत्येकाच्या नावानं वेगळी जागा आखली,
खर्चाच्या रकान्यात ती दिसू नये इतकी लहान.

राहिला लेंडी तलाव.
आमच्या धंद्यात शेवटचा उपाय असतो:
वायर काढायची
आणि कोण ओरडतं ते ऐकायचं.

शनिवारी संध्याकाळी काढली.
रविवार शांत.
सोमवारी सकाळी बिल्ट्या निघाल्या, पगाराचं पान उघडलं,
मी यादीत त्याच्यापुढे लिहिलं: काढून टाकणे.

दीड वाजता पाण्याची बाटली भरायला बाहेर आले
तर यार्डात हमाल अजून पोती चढवत होते.
पाठी मिठानं पांढऱ्या.
कुणी ओरडत नव्हतं.
मुकादमाला विचारलं, जेवण?
"घंटा नाही झाली ना, बाई."

एक वाजताची घंटा.
एवढंच होतं त्या तळ्यात.
दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या चार ओळी,
भोंग्याला जोडलेली एक तार.

माझ्या मागून गभणेकाका आले, चप्पल न घालता,
जॅकची दांडी उचलली
आणि लटकवलेल्या जुन्या रिमवर
मोजून तीन ठोके दिले.

माझ्या कुठल्याच मापात
हा लोड आला नव्हता.

वायर परत लावली. यादी पुन्हा उघडली.
काढून टाकणे, खोडलं.
अग्रक्रमाच्या रकान्यात, पगाराच्याही वर, लिहिलं:
लेंडी तलाव. घंटा. आधी हलवणे.
कारण विचारलं तर शेठला काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.